थोतीकोंग आजोबांना सांगितलेला पत्ता

थो च्वी-ग्वान म्हाताऱ्याच्या गळ्यात एकूण बावन्न माणसं, दोन घोडे, एक वाघीण आणि एक कायम सर्दी झालेला न्यायाधीश राहतो, असं खेबे गावात सांगतात. गावाला वाढवून सांगायची खोड आहे. घोडा एकच होता.

म्हातारा हातमोज्यासारख्या घालायच्या बाहुल्यांचा खेळ करायचा. वय एकोणऐंशी. दर वर्षी दुसऱ्या चांद्रमहिन्यातल्या द्वितीयेला, गावच्या भूमीचा देव थोतीकोंग आजोबा यांच्या वाढदिवसाला, देवळासमोर ट्रकवरचा रंगीत मंच उभा राहायचा आणि 'सात दरवाजांचा किल्ला' लागायचा. प्रेक्षक म्हणाल तर प्लॅस्टिकच्या नऊ खुर्च्या, त्यातल्या चारांवर माणसं आणि एकीखाली कुत्रं. त्याचं म्हाताऱ्याला कधी वाईट वाटलं नाही. खेळ देवासाठी असतो. देव समोर गाभाऱ्यात बसलेला, पांढऱ्या दाढीचा, गालात हसरा. तो काही मधेच उठून जात नाही.

त्या खेळात एक उडी होती. लढाईच्या ऐन भरात सेनापती किल्ल्याच्या खिडकीतून स्वतःला झोकून द्यायचा, हवेत अंगरखा टाकायचा आणि दुसऱ्या खिडकीतून म्हाताऱ्याच्या दुसऱ्या हातावर उतरायचा तो भिकारी होऊन. उजव्या हातातून सुटलेली बाहुली डाव्या हातात वेष बदलून कशी येते, हे अख्ख्या बेटावर एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस कोणाला सांगत नव्हता. पोटच्या मुलीलाही नाही.

मुलगी म्हणजे खेंग-की. शेहेचाळीस वर्षांची. वीस वर्षं पडद्यामागे उभी राहून बाहुल्या पुढे करत होती, झांजा वाजवत होती, सेनापतीचे बंद बांधत होती. उडी मात्र येत नव्हती.

"आबा, एकदा हळू करून दाखवा ना."

"हळू केली तर ती उडी कसली? ते पडणं झालं."

"मग मी शिकणार कशी?"

"मला माझ्या गुरूंनी शिकवलं नाही. मी मागे उभं राहून चोरलं. तूही चोर."

"डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं ते!"

"मग पातं लववू नकोस."

यंदा मात्र गोष्ट निकरावर आली होती. म्हाताऱ्याच्या उजव्या मनगटावर शस्त्रक्रिया ठरली होती, खेळानंतर चौथ्या दिवशी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हाताने जेवता येईल, चहाचा कप धरता येईल; बाहुली हवेत फेकायचं विसरा. म्हणजे ही शेवटची उडी. ती यंदा पकडली नाही, तर म्हाताऱ्याबरोबरच जायची.

खेंग-कीने ती मागच्या दोन वर्षीही पकडायचा प्रयत्न केला होता. मंचाच्या मागे, म्हाताऱ्याच्या हातांवर रोखून एक कॅमेरा. तिथून लांबलचक वायर देवळात. देवळातल्या टेबलावर लॅपटॉप, कारण विजेचा बोर्ड तेवढाच होता. लॅपटॉपवर चित्र उतरवून घेणारं सॉफ्टवेअर. मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून, बेटावर सगळेच ठेवतात तशी, वर नारळाच्या चवीच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी, तीही ताजी. एवढं करूनही दोन्ही वर्षी बावीस मिनिटांनी रेकॉर्डिंग बंद पडलं. का, ते तिला पुढे कळलं. सॉफ्टवेअर सगळं सी ड्राइव्हमध्ये साठवत होतं आणि सी ड्राइव्हमध्ये देवळाच्या बारा वर्षांच्या मेजवान्यांचे फोटो गच्च भरले होते.

म्हणून यंदा तिने बाहेरून जोडायची मोठी हार्ड डिस्क आणली. खेळाच्या दोन दिवस आधी देवळात बसून सेटिंग उघडलं. 'रेकॉर्डिंग कुठे साठवायचं?' असा चौकोन होता. ती त्यात ई ड्राइव्ह लिहिणार, एवढ्यात मागून कोणीतरी खाकरलं.

देवळाचे अध्यक्ष चान बान-होक. यांच्या कारकिर्दीत देवळातलं पानसुद्धा कौल लावल्याशिवाय हलत नसे. मुतारीच्या फरशीचा रंगही त्यांनी देवाला विचारून ठरवला होता. अकरा वेळा कौल लागला, तेव्हा कुठे हिरवा निघाला.

"काय विचारतंय ते?"

"रेकॉर्डिंग कुठे ठेवायचं, म्हणून विचारतंय, काका."

"खेळ कुणाचा?"

"आबांचा."

"चूक. खेळ देवाचा. म्हातारा फक्त हात हलवतो. देवाची वस्तू कुठे ठेवायची, ते तू कोण ठरवणार? यंत्राला विचारायची अक्कल आहे, माणसाला नको?"

झालं. बान-होक काकांनी कौलाचे तुकडे काढले. लाकडाचे, लाल, अर्ध्या चंद्राच्या आकाराचे, एक बाजू सपाट, एक फुगीर. दोन्ही ओंजळीत धरून टाकायचे. एक उताणा, एक पालथा, तर देव हो म्हणाला. दोन्ही पालथे, तर नाही. दोन्ही उताणे पडून डुलत राहिले, तर देव हसतोय. आणि हो म्हणायला हवं ते सलग तीनदा.

काकांनी विचारलं, "सी मध्ये ठेवू?" देव हसला. "डी मध्ये?" नाही. "ई मध्ये?" देव पुन्हा हसला. डेस्कटॉप झाला, डॉक्युमेंट झालं, गाण्यांचं फोल्डर झालं. गाण्यांना देव एकदा हो म्हणाला आणि लगेच फिरला. दुपारचे तीन वाजले. खेंग-कीचं डोकं उठलं. फरशीवर ठक-ठक आवाज ऐकून ऐकून कुत्रंसुद्धा बाहेर निघून गेलं.

शेवटी देऊळ झाडणारी सुई-बी मावशी केरसुणीवर हनुवटी टेकून म्हणाली, "अध्यक्षसाहेब, तुम्ही नातवाच्या परीक्षेसाठी आलात, तेव्हा देवाला काय सांगितलंत?"

"नाव सांगितलं. जन्मतारीख सांगितली. गाव, गल्ली, घर नंबर सांगितला."

"का सांगितलात?"

"का म्हणजे? नाहीतर देव जाणार कुठे? भलत्याच पोराला पास करायचा."

"मग आता नुसतं 'ई' काय? मला कोणी येऊन म्हणालं, मावशी, ई मध्ये राहता का, तर मीही हसेन."

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं, हात धुतले, नव्या उदबत्त्या लावल्या आणि खेंग-कीला म्हणाले, "सांग गं, पूर्ण पत्ता सांग."

ती सांगत गेली, काका खड्या आवाजात देवाला ऐकवत गेले. "खेबे गाव, देऊळ गल्ली, घर नंबर सतरा. आत शिरल्यावर डाव्या हाताचं टेबल. त्यावर काळा लॅपटॉप, झाकणावर ओरखडा. त्याला जोडलेली ई नावाची डिस्क. तिच्या पोटात 'देवाचा खेळ' नावाचं फोल्डर. त्याच्या पोटात यंदाच्या सालाचं फोल्डर. थोतीकोंग आजोबा, तिथे ठेवू का?" मग ते वळून पुटपुटले, "जन्मतारीख?"

"डिस्कची?"

"मग माझी?"

खोक्यावर बनवल्याचा महिना छापला होता. तो सांगितला. कौल पडला: एक उताणा, एक पालथा. पुन्हा तसाच. तिसऱ्यांदा तसाच. सुई-बी मावशी पुढे झाडू लागली, पण तिची केरसुणी दोन दिवस जरा ऐटीतच चालत होती, असं म्हणतात.

रात्री जेवताना म्हातारा भाताच्या वाटीआडून लेकीला म्हणाला, "मिळाली का देवाची परवानगी माझं भूत डब्यात कोंबायला?"

"मिळाली."

"तीन तास लागले म्हणे. मी विचारलं असतं तर एका दमात नाही म्हणाला असता."

"म्हणूनच तुम्हाला विचारलं नाही."

खेळाच्या दिवशी दुपारी ऊन छान होतं. खेंग-की मंचामागे जाऊन कॅमेरा घट्ट बांधत होती. बाहुल्या पुढे करायला यंदा नौबतवाला बसला होता. देवळात टेबलापाशी बान-होक काका एकटेच होते, आणि एकटा अध्यक्ष म्हणजे धोका.

काकांच्या मनात आलं, एवढा पत्ता देवाला दिला, आणि डिस्क मात्र उदबत्तीच्या धुरावरून फिरवली नाही. मूर्ती फिरवतो, ताईत फिरवतो, नव्या मोटारसायकलची किल्ली फिरवतो, मग डिस्कने काय पाप केलंय? त्यांनी ती उपटली. शेजारी भोंग्यावर लावायच्या गाण्यांचा त्यांचा स्वतःचा पेनड्राइव्ह होता. तोही घेतला. दोन्ही धूपदानीवरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने तीन वेळा फिरवले, कपाळाला लावले आणि परत खुपसले. आधी पेनड्राइव्ह, मग डिस्क. इथेच सगळा घोळ झाला.

झांज वाजली. पडदा सरकला. खेंग-की पळत येऊन लॅपटॉपपुढे बसली, लाल ठिपक्याचं बटण दाबलं आणि लॅपटॉपच्या पडद्यावर बापाचे दोन म्हातारे हात दिसू लागले, प्रत्येकावर एक राजपुत्र. खेळ रंगला. सर्दीवाला न्यायाधीश शिंकला तेव्हा चारही प्रेक्षक हसले. अठरा मिनिटं गेली.

खेंग-कीची नजर सहज खालच्या कोपऱ्यात गेली. 'उरलेली जागा: सुमारे चार मिनिटं.'

नवी डिस्क, तिच्यात दहा वर्षांचे खेळ मावतील! तिने वर पाहिलं. साठवण्याचा पत्ता: सी ड्राइव्ह. शोधून पाहिलं तर ई नावावर काकांचा पेनड्राइव्ह ऐसपैस बसलेला, आणि तिची डिस्क 'एफ' होऊन कोपऱ्यात उभी. सॉफ्टवेअरला ई वर देवाचं फोल्डर सापडलं नाही, म्हणून ते आपलं मुकाट्याने जुन्या घरी गेलं होतं.

"काका, डिस्कला हात कोणी लावला?"

"हात कोणी लावला नाही. दोन्ही हातांनी आदराने धरली."

तिने दात-ओठ खाल्ले. रेकॉर्डिंग चालू असताना पत्ता बदलता येत नव्हता. थांबवायचं, सेटिंगची खिडकी उघडायची, नवा पत्ता द्यायचा, पुन्हा सुरू करायचं. आणि हा लॅपटॉप असा की खिडकी उघडेपर्यंत माणसाने चहा करून प्यावा आणि कपही धुऊन ठेवावा. तिकडे म्हाताऱ्याचं मनगट दुखत होतं, म्हणून त्याने मंत्र्यांचा अख्खा दरबार गाळला होता. सेनापती आत्ताच तलवार काढून किल्ल्यावर चढत होता. उडी पाच मिनिटांवर आली होती. थांबवलं तर उडी निसटणार, आणि तसंच चालू ठेवलं तर लढाई ऐन भरात असताना सी ड्राइव्ह मान टाकणार, मागच्या दोन वर्षांसारखा.

तिने थांबवायचं ठरवलं. बोट बटणावर नेलं, तर वर काकांचा पंजा.

"नवा पत्ता कोणता?"

"एफ! डिस्क तीच आहे हो काका, नाव तेवढं बदललंय."

"नाव बदललं म्हणजे माणूस बदलला. देवाला आपण ई सांगितलंय. तो ई मध्ये जाऊन बसला आणि खेळ एफ मध्ये गेला, तर?"

"काका, पाया पडते, आधी बदलू द्या, मग विचारा!"

"आधी चोरी, मग परवानगी? माझ्या देवळात?" असं म्हणून त्यांनी लॅपटॉप एका हाताने दाबून ठेवला आणि दुसऱ्या हाताने कौल टाकला.

ठक. दोन्ही उताणे. देव हसला.

ठक. देव हसला.

ठक. देव आणखी हसला.

"बघ! ऐकतच नाहीये तो," काका घामाघूम होऊन म्हणाले.

देवळाच्या फरशीवरचा कौलाचा ठक आवाज गावात कोणाला कळत नाही असं नाही, आणि मंच तर वीस पावलांवर, पडद्याच्या फटीतून देऊळ सरळ दिसेल असा. सेनापती किल्ल्याच्या पहिल्या खिडकीत पाय टाकून उभा होता. तो तसाच थांबला. नौबतवाला बावचळला, त्याने एक ठोका जास्तच दिला. आणि दुसऱ्या खिडकीतून कोणीतरी डोकं बाहेर काढलं. नाक वाकडं, दात दोन. म्हाताऱ्याच्या पेटीतला विदूषक वाकडनाक्या, ज्याचा या गोष्टीशी काहीही संबंध नव्हता.

"सेनापती, जरा दम धरा," वाकडनाक्या म्हणाला. "उडी मारून मरायची एवढी काय घाई? समोर देवळात आपल्यापेक्षा चांगला खेळ लागलाय."

चारही प्रेक्षक वळून देवळाकडे बघू लागले.

"ते जाडे गृहस्थ कोण? अध्यक्ष! काय करताय अध्यक्ष? देव हसतोय म्हणून घाबरलात? अहो, देव खेळ बघतोय! न्यायाधीश शिंकला, तो हसला. मी डोकं काढलं, तो हसला. तुम्हाला कोण हसतंय? तुमच्यात हसण्यासारखं काय आहे, टोपी सोडली तर?"

सुई-बी मावशीने तोंडावर पदर नाही, पण केरसुणी धरली. काकांचा हात लॅपटॉपवरून सुटून टोपीवर गेला.

तेवढं पुरलं. खेंग-कीने थांबवायचं बटण दाबलं आणि सेटिंगवर टिचकी मारली. पांढरं वर्तुळ गरगर फिरू लागलं.

"आणि ती बघा," वाकडनाक्याने मान वाकडी करून तिच्याकडे बोट केलं, "म्हाताऱ्याची लेक. वीस वर्षं मागे उभी राहिली, चोरी जमली नाही. आता चोरी करायला यंत्र बसवलंय, तर चोरलेला माल ठेवायचा कुठे, ते ठाऊक नाही! असला चोर पोलिसांनासुद्धा नको."

हसण्याचा आवाज ऐकून गल्लीतली माणसं बाहेर आली. चहावाला आला, न्हावी अर्धं गिऱ्हाईक घेऊन आला. नऊ खुर्च्या भरल्या. मग मात्र वाकडनाक्याला चेव चढला. त्याने सेनापतीला उसने कपडे मागितले, नौबतवाल्याच्या बायकोची चौकशी केली, मुतारीच्या हिरव्या फरशीवर एक पोवाडा रचून म्हटला. पांढरं वर्तुळ फिरतच होतं.

"अध्यक्ष, आता मी गप्प बसतो," तो शेवटी म्हणाला. "श्वाससुद्धा घेत नाही. आता विचारा देवाला. आणि पत्ता नीट सांगा, तो म्हातारा आहे, माझ्या मालकासारखा. एकदा सांगून ऐकत नाही."

सगळा चौक चिडीचूप झाला. काकांनी पत्ता म्हटला, या खेपेला एफ म्हणून. कौल टाकला. एक उताणा, एक पालथा. पुन्हा. एक उताणा, एक पालथा. तिसऱ्या वेळी एक तुकडा घरंगळत न्हाव्याच्या गिऱ्हाइकाच्या पायाखाली गेला. सगळे वाकून बघू लागले.

काय पडलं ते खेंग-कीने पाहिलंच नाही. सेटिंगची खिडकी उघडली होती. तिने एफ निवडलं, फोल्डर दिलं, ठीक म्हटलं आणि लाल ठिपका पेटवला. मग उभं राहून बापाला दिसेल असा हात वर केला.

"पालथा!" न्हावी ओरडला. "झाला, कौल झाला!"

"चला सेनापती," वाकडनाक्या म्हणाला, "आता मरायला हरकत नाही," आणि खिडकीखाली बुडाला. झांज कडाडली. सेनापती उडाला, अंगरखा हवेत राहिला, आणि दुसऱ्या खिडकीत भिकारी उतरला तेव्हा नऊ खुर्च्यांवरची वीस माणसं एकदम उभी राहिली.

दहा दिवसांनी म्हातारा घरी खुर्चीत बसला होता, उजवा हात कोपरापर्यंत पांढरा. खेंग-कीने रेकॉर्डिंग लावलं, उडीपाशी आणलं आणि एकेक चित्र पुढे सरकवत गेली. सगळी जादू करंगळीत होती. अंगरख्याच्या बंदात करंगळी आधीच अडकवलेली, आणि बाहुली सुटायच्या आधी ती एकदाच झटकायची.

म्हातारा पुढे झुकला. "हं," तो म्हणाला. "असं करतो होय मी?"

मग तो नखाने खुर्चीचा हात खरवडत राहिला.

"आणि ते... वाकडनाक्याचं?"

"ते नाही त्यात, आबा."

"नाही म्हणजे?"

"तेव्हा मी पत्ता बदलत होते. रेकॉर्डिंग बंद होतं."

"सगळं बंद?"

"सगळं. अकरा मिनिटं."

म्हाताऱ्याचा चेहरा असा झाला की जणू बावन्न माणसं आणि घोडा एकदमच घर सोडून गेले. "न्हावी म्हणतो, असा वाकडनाक्या त्याने जन्मात पाहिला नाही. चहावाला सांगतो, मी पोवाड्याची नऊ कडवी म्हटली."

"चहावाल्याने काल बारा सांगितली."

"मला दोनच आठवतात." त्याने प्लॅस्टरमधला हात उचलून पाहिला, पुन्हा ठेवला. "चांगल्या कामाच्या वेळी नेमकं बंद! तीस वर्षं मरणारा सेनापती हवा होता तुला. तो काय, कोणीही मरतो."

"खेळ देवासाठी असतो ना, आबा? देवाने बघितला."

"देव काय लिहून ठेवतो?" म्हातारा खेकसला. मग डाव्या हाताने कोपऱ्यातली पेटी पायाकडे ओढली. "काढ त्याला. घाल हातात. तशी नाही, मान सैल सोड. त्याला मान नाहीच असं समज. मी बोलतो, तू हलव, कडवी आठवतील तेवढी आठवतील. आणि ते तुझं यंत्र लाव."

खेंग-कीने वाकडनाक्या हातात चढवला. वीस वर्षांत पहिल्यांदाच बापाने तिच्या हाताकडे बघून तोंड उघडलं होतं. तिने कॅमेरा खुर्चीवर टेकवून बाहुलीवर रोखला.

"थांब," म्हातारा म्हणाला. "कंगवा आण आधी."

"कॅमेऱ्यात माझा हात आणि बाहुलीच येणार आहे, आबा. तुम्ही दिसणारच नाही."

"तुला सांगितलं ना? विस्कटलेल्या केसांनी वाकडनाक्याचा आवाज लागत नाही मला."